पत्ता शोधण्याचा हिशेब

वाशिष्ठी नदी समुद्रास मिळते तेथे दक्षिण तीरावर गुहागर तालुक्यातील अंजनवेल आणि समोर उत्तरेस दाभोळ वसलेले आहे. गोपाळगडाच्या तटावरून दिसणारे हे खाडीचे मुख एके काळी परदेशी व्यापाराचे द्वार होते. रशियन व्यापारी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात मायदेशी परतताना दाभोळहूनच जहाजावर चढला. माल उत्तम असला तरी दूरच्या गिऱ्हाइकाचा ठाव लागल्यावाचून तो विकला जात नाही, हे या किनाऱ्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही येथील पुष्कळ माल वाशीच्या आडत्यामार्फतच पुढे जातो. अंजनवेलच्या एखाद्या व्यापाऱ्याने दुबई वा जर्मनीतील आयातदाराशी थेट बोलणी करावयाचे ठरविले, तर त्या पेढीत खरेदी पाहणाऱ्या माणसाचा ई-मेल हाती लागणे ही पहिली पायरी ठरते. हंगाम अवघ्या दोन-तीन महिन्यांचा असतो. चुकीच्या पत्त्यावर धाडलेल्या पत्राच्या उत्तराची वाट पाहण्यात आंबा पिकून जातो.

असे पत्ते पुरविणाऱ्या अनेक सेवा आज आहेत. हंटर ही सेवा संकेतस्थळाच्या नावावरून पत्ते शोधते, तर अपोलोकडे कंपन्या व अधिकारी यांचा मोठा संग्रह आहे. परंतु कोणाचीही वही पूर्ण नसते. एकीकडे अमेरिकेची माहिती भरपूर, तर दुसरीकडे युरोपची. त्यातच माणसे नोकरी बदलतात आणि जुने पत्ते निरुपयोगी होतात. म्हणून एकाच सेवेची वर्षाची वर्गणी भरून निश्चिंत होणे महागात पडते, आणि साऱ्यांकडे सारी यादी पाठविणे त्याहूनही महाग. शहाणपणाची रीत क्रमाची आहे: पहिल्याकडे जे सापडले नाही, तेवढेच दुसऱ्याकडे न्यावे, तेथे उरेल, तेवढेच तिसऱ्याकडे. क्ले यांसारख्या सेवा हाच क्रम यंत्राकरवी चालवितात.

समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडता येईल. यादीत ४०० आयातदार आहेत. त्यांची संकेतस्थळे, व्यापारी मंडळांच्या सूची आणि दुबईच्या गल्फूड प्रदर्शनातील सहभागी पेढ्यांची यादी घरीच चाळून १२० पत्ते फुकट मिळाले. उरलेल्या २८० नावांपैकी पहिल्या सेवेने दर पत्त्यास ४ रुपये घेऊन १३० दिले, दुसरीने ८ रुपयांनी ५० आणि तिसरीने १५ रुपयांनी २०. एकंदर ३२० पत्ते १,२२० रुपयांत हाती आले. तेच ३२० पत्ते सुरुवातीपासून सर्वांत महाग सेवेकडून घेतले असते, तर ४,८०० रुपये लागले असते. राहिलेल्या ८० नावांसाठी आणखी खर्च न करता दूरध्वनी करणे बरे.

मात्र व्यवहार ठरविताना दोन गोष्टी आधी विचाराव्यात. सेवा पैसे विचारण्याचे घेते की सापडण्याचे? आणि पत्ता खोटा निघाल्यास रक्कम परत देते काय? विचारण्याचेच पैसे घेणारी सेवा क्रमात शेवटी ठेवावी, म्हणजे तिच्याकडे थोडीच नावे जातील.

सापडलेला प्रत्येक पत्ता पत्र धाडण्यापूर्वी पडताळणेही आवश्यक आहे. त्यासाठी स्वतंत्र सेवा अल्प दरात मिळतात. काही कंपन्यांचे सर्व्हर मात्र कोणत्याही नावाचे पत्र स्वीकारतात. तेथील पत्ता खरा की खोटा हे पडताळणीतही कळत नाही. असे पत्ते वेगळे काढावेत. परत येणाऱ्या पत्रांची संख्या वाढली की प्रेषकाच्या डोमेनची पत खालावते आणि चांगली पत्रेही कचऱ्याच्या पेटीत जाऊ लागतात. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक प्रेषकाच्या डोमेनला एसपीएफ किंवा डीकेआयएम ही ओळख-नोंद सक्तीची केली असून तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राखावयास सांगितले आहे. बाजारातील पतीप्रमाणे हीदेखील गमावणे सोपे आणि मिळविणे कठीण.

कायद्याचाही विचार हवा. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर नियमांनुसार व्यक्तीच्या नावाचा कार्यालयीन पत्ता हीदेखील वैयक्तिक माहिती ठरते. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यानुसार व्यापारी पत्रात प्रेषकाचा टपालाचा पत्ता द्यावा लागतो आणि ‘पुन्हा लिहू नका’ असे कळविणाऱ्याचे नाव दहा कामकाजी दिवसांत वगळावे लागते. भारतातही २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे.

म्हणून पत्ता कोठून व कधी मिळाला याची नोंद खतावणीसारखी ठेवावी, नकार आल्यास नाव त्वरित काढावे आणि सर्वांना एकच मजकूर न धाडता मोजक्या आयातदारांना त्यांच्या गरजेनुसार लिहावे. ३२० पत्त्यांतून दहा उत्तरे आली आणि त्यांतील एक गिऱ्हाईक पुढच्या हंगामात पुन्हा परतले, तर शोधाचा खर्च केव्हाच वसूल झालेला असतो.