आतड्याला उपास कशाला?

मोठ्या आतड्याचा रोगट भाग कापून दोन टोकं जोडली, की रुग्णाचं खाणंपिणं बंद. नाकात नळी, हाताला सलाईन आणि ‘वारा सरल्याशिवाय पाण्याचा घोटही नाही’ असा दंडक. नातेवाईकही त्याला इमानाने जपतात. यामागचं म्हणणं वरवर पटण्यासारखं आहे: जोड ताजा आहे, त्यावरून अन्न गेलं तर टाके सुटतील, म्हणून आतड्याला विश्रांती हवी.

पण उपासाने आतडं रिकामं राहतं, हे गृहीतच चुकीचं आहे. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा स्वतःचा रस मिळून रोज सुमारे ७ लिटर द्रव पचनमार्गात उतरतो. बराचसा वाटेत शोषला गेला, तरी लिटरभर तरी मोठ्या आतड्यात पोचतोच. तो ज्या जोडाला सोसतो, त्याला वाटीभर पेज का सोसू नये? जोड फुटतो तो मुख्यतः रक्तपुरवठा तोकडा पडल्याने, ओढ बसल्याने, तंबाखूने आणि कुपोषणाने. म्हणजे लांबलेला उपास ज्याला वाचवायला निघाला, त्याचाच घात करतो.

वारा सरण्याची अटही अशीच. शस्त्रक्रियेनंतर लहान आतडं काही तासांत हलू लागतं, जठराला एक-दोन दिवस लागतात आणि मोठं आतडं सगळ्यांत शेवटी जागं होतं. त्याची वाट पाहत अन्न पचवणाऱ्या लहान आतड्याला बेकार बसवण्यात काय हशील? नाकातल्या नळीचं काय? अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं, की ती सरसकट घातल्याने जोड फुटणं टळत नाही. उलट आतड्याची हालचाल उशिरा परतते.

मग करावं काय? डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट आणि त्यांचे सहकारी यांनी ते करून दाखवलं. पाठीच्या कण्याजवळ बारीक नळीतून वेदनाशामक औषध दिलं, म्हणजे आतडं सुस्त करणारं मॉर्फिन कमी लागतं. सोबत लवकर खाणं आणि लवकर चालणं. २००० साली त्यांनी मोठ्या आतड्याच्या ६० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतल्या ५७ जणांना ४८ तासांत शौच झालं. निम्म्याहून अधिक रुग्ण दोन दिवसांत घरी गेले.

विरोधक इथे बोट ठेवतात: त्यांतले सुमारे १५ टक्के पुन्हा दाखल झाले. खरं आहे. जोड गळाला तर ते बहुधा पहिल्या आठवड्यात, कधी त्यानंतरही कळतं. ताप, वाढती पोटदुखी, वेगाने चालणारी नाडी यांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पण हा आक्षेप घाईने घरी पाठवण्यावर आहे, लवकर जेवू घालण्यावर नाही.

आतडं तुंबलेलं किंवा फुटलेलं असताना झालेली तातडीची शस्त्रक्रिया, किंवा नंतर सतत उलट्या, तिथे नळी आणि उपास दोन्ही लागतातच. तो अपवाद आहे. त्याला नियम करू नये. ठरवून शस्त्रक्रिया होणार असेल, तर सही करण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: पाणी कधी, जेवण कधी, उठायचं कधी? उपास लांबणार असेल, तर त्याचं कारणही विचारा.