गाव सोडल्यावर भेटलेले गाव

गावात राहणाऱ्या माणसाला गाव फारसे दिसत नाही. दिसतो तो रोजचा रस्ता, दुकानाचे शटर, नळाला पाणी येण्याचा वार आणि वसुलीची वही. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी, राजाबाजार, जोहरीवाडा, शहागंज या भागांतील व्यापारी घरांत वाढलेल्या पिढीचेही असेच झाले. बारावी होताच मुले सीए करायला पुण्याला गेली, पुढे नोकरीसाठी मुंबई-बंगळुरूला, काही परदेशी. निघताना थोडी हुरहूर होती, पण तिच्याहून अधिक सुटकेचा आनंद होता. गावाचे दोष त्यांना तोंडपाठ होते. पैठणचा नाथसागर तासाभराच्या वाटेवर, तरी नळाला पाणी दिवसांच्या खंडाने, रस्ते अरुंद, शिवाय घराबाहेर पाऊल टाकले की ‘कुठे निघालास?’ असे विचारणारी दहा माणसे. या तक्रारी खोट्या नव्हत्या. त्यांतल्या बऱ्याच आजही खऱ्या आहेत.

मग दहा-पंधरा वर्षांनी त्याच गावाची ओढ का लागते?

परक्या शहरात माणसाला आपली ओळख रोज नव्याने सांगावी लागते. आडनावाचा उच्चार सांगावा लागतो, सूर्यास्तापूर्वी जेवण्याचे कारण सांगावे लागते, कांदा-लसूण नको म्हणताना समोरच्याची समजूत घालावी लागते. गावी यातले काहीच सांगावे लागत नव्हते. जुन्या मोंढ्यातला एखादा वृद्ध आडत्या चेहऱ्यावरूनच आजोबांचे नाव घेई आणि त्यांच्या व्यवहाराची एखादी आठवण सांगे. ‘कोणाचा रे तू?’ हा प्रश्न सोळाव्या वर्षी नसती चौकशी वाटतो. चाळिशीत मात्र तो प्रश्न विचारणारे कोणी उरले आहे, याचेच समाधान वाटते.

हे शहर मुळातच बाहेरून आलेल्यांनी उभे केले. इथिओपियातून गुलाम म्हणून आणला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला आणि त्याने 1610 मध्ये खडकी या खेड्याच्या जागी नगर वसवले. डोंगरातले पाणी भूमिगत नहरींनी वस्तीत आणले. पुढे फतेहनगर, 1653 पासून औरंगाबाद आणि 2023 मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर अशी नावे होत गेली. मारवाड, गुजरातकडून आलेली जैन कुटुंबेही याच ओघात इथे रुजली. लोटा-डोरी घेऊन निघालेल्या पणजोबांना हे गाव कधी आपले वाटले असेल? घरातली वृद्ध मंडळी अखेरपर्यंत राजस्थानला ‘देस’ म्हणत. कुलदेवीच्या दर्शनासाठी ओसियांला जाताना त्यांच्या चेहऱ्यावर माहेरी निघाल्याचा आनंद असे. म्हणजे आज पुण्यात बसून गुलमंडीसाठी हळहळणारा नातू ज्या गावाला मूळ गाव म्हणतो, तेच गाव पणजोबांचे परके शहर होते. ते आपोआप आपले झाले नाही. दुकान, पेढी, मंदिर, पाठशाळा, शेजारधर्म अशा अनेक लहान कामांतून दोन-तीन पिढ्यांनी ते आपले करून घेतले.

या संदर्भात वेरूळच्या डोंगरावरील एक लेख प्रत्येक जैन कुटुंबाने पाहावा असा आहे. क्रमांक 30 ते 34 या जैन लेण्या बहुतेकांनी पाहिलेल्या असतात. वरच्या बाजूची पार्श्वनाथांची सुमारे 16 फूट उंच मूर्तीही पाहिलेली असते. तिच्या आसनावरचा शके 1156 चा लेख मात्र थोडेच जण वाचतात. मूर्ती घडवणारा चक्रेश्वर हा गृहस्थ. लेखात आधी येते त्याच्या घराण्याचे वर्धनापूर, मग आजोबा राणुगी, वडील गालुगी, आई स्वर्णा आणि चार भावांचा उल्लेख. त्यानंतर त्याने चारणाद्रीवर केलेले काम. सुमारे आठशे वर्षांपूर्वीच्या या दात्याने मूळ गावाचे नाव विसरू दिले नाही आणि ज्या डोंगरावर आला, त्याचेही तीर्थ केले. आठवण एका गावाची, दान दुसऱ्या ठिकाणी. दोहोंत त्याला विरोध वाटला नाही.

आजचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. जुन्या गल्लीतल्या घरात आता दोघेच असतात. वडील सत्तरीचे, जिना उंच, दुकानावर नोकराच्या भरवशाचा कारभार. मंदिरातल्या अभिषेकाला तीच पाच-सात वयस्कर माणसे, पाठशाळेत मुले मोजकी. आणि दूर गेलेली मुले गावाच्या जुन्या छायाचित्रांवर मोबाइलवरून भरभरून लिहितात. हे प्रेम खरे असले तरी त्याने जिना चढणे सोपे होत नाही.

जैन परंपरा ममत्वाविषयी सावध करते. साधू-साध्वी चातुर्मासाचे चार महिने एका गावी राहतात, तिथल्या माणसांना देता येईल तेवढे देतात आणि पुढे विहार करतात. जागेवर हक्क सांगत नाहीत. गृहस्थाला इतके अलिप्त होता येणार नाही. पण गावावर प्रेम करायचे म्हणजे तिथे काही राखून ठेवायचे असे नव्हे, तिथे काही द्यायचे, एवढे तरी त्यातून घेता येते. पर्युषणाचे काही दिवस आई-वडिलांसोबत गावी काढणे, कार्तिक पौर्णिमेला मुलांना कचनेरच्या चिंतामणी पार्श्वनाथांच्या यात्रेला नेणे, पाठशाळेतल्या मुलांना सुटीत आठवडाभर शिकवणे, ही काही फार मोठी दाने नाहीत. संवत्सरीला शेकडो जणांना पाठवलेल्या क्षमापनेच्या संदेशापेक्षा जुन्या शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून मागितलेली क्षमा अधिक खरी असते.

जुने घर विकायचे की ठेवायचे, हा विषय येत्या दिवाळीत अनेक घरांत निघेल. विकणे हा काही अपराध नाही. सगळीच घरे ठेवता येत नाहीत. पण कागदावर सही होण्यापूर्वी नातवंडांना एकदा त्या घरात चार दिवस राहू द्यावे, वेरूळचा तो लेख दाखवावा आणि पणजोबा कुठून, कसे आले, ते वडिलांच्या तोंडून ऐकवावे. घराचा सौदा पुढेही करता येतो. वडिलांना हे सांगता येण्याचे दिवस मात्र मोजके असतात.