ग्रंथपालानें प्रयोगशाळेंत जावें

“विज्ञानाचे विद्यार्थी ग्रंथालयांत फिरकत नाहींत,” ही खारघरासारख्या ठिकाणच्या ग्रंथपालांची नित्याची तक्रार. पण आपण प्रयोगशाळेंत कितीदां गेलांत, महाराज? विद्यार्थ्यास हवा ताजा शोधनिबंध. कपाटांत आहेत गाइडें! केंद्र सरकारच्या ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजनेनें २०२५ पासून सुमारें १३,००० नियतकालिकें खुलीं झालीं, तीं पहिल्या टप्प्यांत सरकारी संस्थांना. खाजगी महाविद्यालयें बाहेर. मग तेथल्या विद्यार्थ्यानें जवळच्याच ‘अ‍ॅक्ट्रेक’मधलें कर्करोग-संशोधन वाचावें कोठें? कित्येक निबंधांच्या विनामूल्य प्रती इंटरनेटवर असतात. पण हें विद्यार्थ्यांस, आणि आम्हां प्राध्यापकांसही, सांगणार कोण? ग्रंथपालांचे आदिगुरु रंगनाथन १९२४ पर्यंत गणित शिकवीत होते. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनीं आठवड्यांतून एक तास तरी प्रयोगशाळेंत बसावें. आणि प्राचार्यांनीं तो तास वेळापत्रकांत घालावा.