थंड मुलखातला एसी आणि गरिबाच्या घराचे छप्पर

२२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. यंत्र स्वस्त झाले म्हणून जाहिरातींचा पाऊस पडला आणि बिनव्याजी हप्त्यांची आमिषे तालुक्याच्या बाजारापर्यंत पोहोचली. या कपातीचे स्वागत कोणीही करील. पण पोलादपूर तालुक्यातील कापडेसारख्या गावात, जिथून रस्ता आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जातो, जिथे जूनपासून चार महिने पाऊस कोसळतो आणि थंडीत पहाटे शेकोटी लागते, तिथल्या दोन खोल्यांच्या घरात एसी बसवण्याची पाळी का यावी? हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. यंत्राच्या किमतीची चर्चा होते, यंत्राची गरज कोणी निर्माण केली याची होत नाही.

आधी रोख हिशेब पाहू. एक टनाचा साधा एसी आज तीस हजारांच्या आसपास पडतो. तो भिंतीवर टांगला म्हणजे काम संपले असे नाही. बाहेरच्या भागासाठी लोखंडी स्टँड, लांबीप्रमाणे जास्तीचा तांब्याचा पाइप, जाड वायर, १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, अर्थिंग, दाब वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर आणि गरज पडल्यास महावितरणकडे मंजूर भार वाढवण्याचा अर्ज. हे सगळे धरले की आकडा सहज पस्तीस हजारांवर जातो. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. शंभर दिवसांचे ३१,२०० रुपये होतात. म्हणजे शंभर दिवसांची सगळी मजुरी ओतली तरी एक यंत्र पुरते बसत नाही.

आता वापराचा हिशेब. विदर्भात एसी किंवा कूलर चार महिने चालतो. कापडे परिसरात खरा उकाडा मार्चअखेरपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत, म्हणजे जेमतेम साठ-सत्तर दिवस. पस्तीस हजारांचे यंत्र दहा वर्षे टिकले असे धरले तर वर्षाला साडेतीन हजार आणि साठ दिवसांनी भागले तर रात्रीला ५८ रुपये, वीज सोडून. हेच यंत्र चार महिने चालवणाऱ्याला २९ रुपये पडतात. थंड मुलखात एसी दुप्पट महाग पडतो तो असा. उरलेले दहा महिने यंत्र भिंतीवर नुसते टांगलेले असते. पावसात बाहेरचा भाग गंजतो, उंदीर वायर कुरतडतात आणि पुढच्या मार्चला सर्व्हिसिंगचा खर्च पुन्हा उभा राहतो.

विजेचे बिल याहून कठोर आहे. साधा एसी तासाला साधारण एक युनिट घेतो. रोज आठ तास चालला तर महिन्याला २४० युनिट. ज्या घरात पूर्वी ८० युनिट लागत ते घर ३२० वर जाते. महावितरणच्या दरपत्रकात १०० युनिटांपुढचे प्रत्येक युनिट पहिल्या टप्प्यापेक्षा जवळपास दुप्पट दराने मोजले जाते आणि ३०० च्या पुढे दर आणखी चढतो. त्यामुळे महिन्याला अडीच ते तीन हजारांची भर पडते. यंत्र आणि वीज मिळून एका रात्रीच्या गारव्याचे दीडशे रुपये, म्हणजे रोजगार हमीची जवळजवळ अर्ध्या दिवसाची मजुरी!

तरीही लोक एसी घेतात. मुंबईत राबणारा मुलगा मे महिन्यात गावी येतो, आई-बाप रात्रभर घामाने तळमळताना पाहतो आणि हप्त्यावर यंत्र आणतो. त्याला चैनी म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. ज्या समाजाला शतकानुशतके पाण्याच्या घोटासाठी तळ्यावर जाऊ दिले नाही, त्या समाजाने गार हवेची झुळूक घेऊ नये, साधे राहावे, असा उपदेश करणाऱ्यांनी आधी आपल्या घरातले यंत्र बंद करावे. आपला प्रश्न वेगळा आहे. हे घर इतके तापते का?

याचे उत्तर डोक्यावरच्या छपरात आहे. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच उष्णता खाली सोडतो. पत्रा तर दुपारी तव्यासारखा तापतो. कौलारू घरात कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाई. जुने ते सोने म्हणून मी हे सांगत नाही. कुडाच्या भिंती, धूर आणि गळणारे छप्पर यांत आपल्या आज्यांनी जन्म काढले, ते दिवस कोणाला नको आहेत. वानरे कौले फोडतात, दरवर्षी शाकारणी करावी लागते, लाकूड परवडत नाही, म्हणून लोकांनी स्लॅब आणि पत्रा पत्करला. पक्के घर हा आपला हक्कच आहे. पण पक्के घर म्हणजे भट्टी असावी असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे?

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे स्वयंपाकघरासह सुमारे २७० चौरस फूट. त्यासाठी सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार हे मूळ साहाय्य ठरले. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्याची रमाई आवास योजना आहे. इतक्या पैशांत लाभार्थी चार भिंती उभ्या करतो आणि जे छप्पर परवडेल ते टाकतो. पडवी, उंचावरचे झरोके, छपराखालचे अस्तर या गोष्टी त्या पैशांत बसत नाहीत. त्यात कोकणातल्या बहुतेक बौद्धवाड्या गावठाणापासून अलग, तुटपुंज्या जागेवर वसलेल्या. ज्यांच्याकडे वाडी-बागायत, त्यांच्या अंगणात आंबा-फणसाची सावली आणि ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांच्या भिंतीवर थेट ऊन. उन्हालासुद्धा जात चिकटली आहे ती अशी.

थंड हवेचा इतिहासही हेच सांगतो. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर वसवले आणि पुढे मुंबई इलाख्याचे सरकार उन्हाळ्यात तिथे मुक्काम हलवू लागले. सरकारला उकडले तेव्हा सरकार डोंगरावर गेले, ओझे वाहणारे मात्र घामाघूमच राहिले. आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या माथेरानला पर्यटकांना बसवून माणसांनी ओढायच्या रिक्षा थेट आपल्या काळापर्यंत चालू होत्या. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. एकाच्या गारव्यासाठी दुसऱ्याने घाम गाळायचा, ही व्यवस्था नैसर्गिक नाही, माणसांनी केलेली आहे. म्हणूनच ती मोडता येते.

उन्हाला गंमत समजू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात भर उन्हात बसवलेल्या लोकांपैकी १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी एसी २० अंशांखाली जाऊ नये असा प्रस्ताव मांडला आणि त्यावर देशभर वाद झाला. श्रीमंताने किती गार व्हावे यावर चर्चा झाली, गरीब किती तापतो यावर झाली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र दार उघडून ठेवले आहे. माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात २१ मार्च २०२४ च्या निकालात, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ व २१ मध्ये सामावलेला असल्याचे न्यायालयाने मान्य केले. अनुच्छेद ३८ राज्याला विषमता कमी करायला सांगतो. मग सरकारच्या पैशाने बांधलेले घर राहण्याजोगे थंड असावे, ही मागणी दयेची कशी? तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छत धोरण आणून गरिबांच्या सरकारी घरकुलांना ते लागू केले. महाराष्ट्राला ते का जमू नये? पैसा नाही हे उत्तर चालणार नाही. २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटींहून अधिक रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले, तेव्हा पैसा होता. बहिणीला जरूर द्या, पण तिच्याच डोक्यावरच्या छपराचे काढून देऊ नका.

तोवर गावात काय करता येईल? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायचे असतात. ते कुठे गेले, हे माहिती अधिकाराच्या एका अर्जाने विचारता येते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव मांडावा की या निधीतून बौद्धवाडीतल्या प्रत्येक स्लॅबला शिमग्याआधी पांढरा चुना मारावा आणि पत्र्याच्या घरांना आतून अस्तर द्यावे. आपल्याकडच्या पावसात चुना टिकत नाही, शेवाळ धरते, म्हणून हे काम दरवर्षी करावे लागेल. पण त्याचे सामान काही शे रुपयांचे आहे आणि त्याने खोली दोन-तीन अंशांनी उतरते. त्याखाली रात्रभर फिरणारा पंखा एक युनिटसुद्धा घेत नाही. ज्या घरात आजारी किंवा म्हातारे माणूस आहे तिथे एसी लावावाच लागला तरी गार छपराखाली तो कमी चालेल आणि बिल कमी येईल.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि वीज खाते त्यांच्याकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक असावी, हा त्यांचा आग्रह होता. त्याच बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले ते सार्वजनिक गोष्टीवरचा हक्क बजावण्यासाठी. त्यांनी प्रत्येकाला आपापली घागर विकत आणायला सांगितले नव्हते. आज प्रत्येक घराला हप्त्यावर एसी विकून उन्हाचा प्रश्न सुटेल असे सांगितले जाते, तेव्हा हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे. बाजार यंत्र विकेल, छपराचा हक्क मात्र ग्रामसभेत आणि न्यायालयात मागावा लागेल.