गर्भिणीचे चीज आणि आपले पनीर

गरोदरपणात चीज खावे की नाही, हा प्रश्न वडोदऱ्यातील प्रसूतितज्ज्ञाला पूर्वी क्वचितच कोणी विचारीत असे. आता तो वरचेवर कानी येतो. घरातील एखादी लेक इंग्लंड-अमेरिकेत असते. तिला तेथील रुग्णालयाने दिलेली वर्ज्य पदार्थांची यादी ती भावजयीला धाडते. यादीतील ब्री, कॅमेम्बर्ट, रोकफोर ही नावे येथे कोणाच्या ताटात नसतात. मग ‘मऊ चीज नको’ एवढेच वाक्य उरते, आणि सासूबाई घरचे पनीरही बंद करतात. शाकाहारी कुटुंबातील गर्भिणीच्या प्रथिनांचा आणि कॅल्शियमचा एक चांगला स्रोत अशा रीतीने, कोणाचाही वाईट हेतू नसताना, तुटतो.

यादी चुकीची आहे असे मी म्हणत नाही. ती दुसऱ्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेली आहे, आणि आपण तिचा नुसता अनुवाद करून आहारपत्रके छापू नयेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

यादीमागे जो जंतू आहे तो लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस. (शस्त्रक्रिया निर्जंतुक करणाऱ्या जोसेफ लिस्टर यांचे नाव अशा जंतूला मिळावे, हा दैवदुर्विलासच!) हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. आईला थोडा ताप, अंगदुखी, एवढ्यावर निभावते; परंतु गर्भपात, मृतजन्म किंवा नवजाताचा मेंदूज्वर ओढवू शकतो. १९८५ साली लॉस एंजेलिस परगण्यात मेक्सिकन पद्धतीच्या ताज्या, मऊ चीजमधून १४२ जणांना ही बाधा झाली. त्यांपैकी ९३ रुग्ण गर्भवती स्त्रिया वा त्यांची अर्भके होती. एकूण ४८ मृत्यूंपैकी ३० गर्भ व नवजात बालके होती. कारखान्यात पाश्चरीकरण न झालेले दूध मिसळले जात असावे, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. हे चीज दिसण्यात आपल्या पनीराच्या पुष्कळ जवळचे होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

ब्री-कॅमेम्बर्टसारख्या बुरशीने पिकविलेल्या चीजमध्ये ओलावा अधिक आणि आम्लता कमी, म्हणून दूध पाश्चराइज्ड असले तरी ती टाळतात किंवा वाफ निघेपर्यंत शिजवून खातात. चेडर, पार्मेझानसारखी कठीण चीज कोरडी असतात, तेथे जंतूला वाढायला वाव नाही. आपल्याकडील क्यूब वा स्लाइसचे प्रक्रिया केलेले चीज पुन्हा तापवून बनविलेले असते. त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. आणि गंमत अशी की, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या सल्ल्यात पाश्चराइज्ड दुधाचे पनीर चालणाऱ्या पदार्थांतच मोडते. मूळ सल्ला कोणी शेवटपर्यंत वाचीत नाही!

पनीरासाठी दूध उकळीला आणून मग लिंबू घालतात. त्या उष्णतेत लिस्टेरिया टिकत नाही. धोका शिरतो तो नंतर: फडक्यातून, सुरीतून, दुकानातल्या उघड्या पातेल्यातील पाण्यातून. म्हणून घरी केलेले व त्याच दिवशी संपविलेले पनीर, किंवा पाकीटबंद पनीर भाजीत नीट शिजवून, खुशाल खावे. सुटे पनीर सॅलडमध्ये कच्चे घालणे मात्र टाळावे.

आपल्या गुजरातेत मला खरी काळजी वाटते ती सुरती पनीराची. निवळीत पोहणारा हा मुलायम पदार्थ चवीला अप्रतिम, यात वाद नाही. पण तो रेनेटने, कोमट दुधात जमवितात. तेव्हा दूध आधी तापविले होते की नाही, यावरच सारे अवलंबून असते. विकणाऱ्याला ते खात्रीने सांगता येत नसेल, तर नऊ महिने त्याचा मोह आवरलेला बरा. परदेशी यादीत हे नाव कधीच सापडणार नाही.

धारोष्ण दूध पौष्टिक ही समजूतही अजून पुरती गेलेली नाही. कच्च्या दुधातून ब्रुसेलाही येतो, आणि आपल्या देशात तो दुर्मीळ नाही. जनावरांतील ब्रुसेलोसिसच्या नियंत्रणासाठी केंद्र सरकारला २०१९ साली कालवडींच्या लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घ्यावा लागला, यावरून त्याचे गांभीर्य समजावे. दूध उकळण्याची आपल्या आज्यांची शिस्त हीच येथे खरी संरक्षक आहे. उकळलेल्या दुधाच्या दह्याचे घरगुती श्रीखंड मी कधीही मना करीत नाही.

व्यवसायबंधूंशी आणखी एक गोष्ट बोलायची आहे. गर्भिणीला ताप आला की आपण मलेरिया, डेंग्यू पाहतो आणि विषमज्वराच्या संशयावरून सेफट्रायाक्झोन सुरू करतो. लिस्टेरियावर सेफॅलोस्पोरिन गटातील कोणतेही औषध भरवशाचे नाही. त्याला अँपिसिलिन लागते. प्रतिजैविक देण्यापूर्वी रक्ताचे कल्चर घेतले नाही, तर हे निदान आपल्याला कधी होणारच नाही. कल्चरमध्ये ग्रॅम-पॉझिटिव्ह दंडाणू दिसले, तर प्रयोगशाळा त्यांना त्वचेवरील डिफ्थेरॉइड समजून बाजूला सारण्याचा संभव असतो. त्यामुळे मागणीपत्रावर ‘गर्भवती, ताप’ हे दोन शब्द लिहावेत आणि अहवाल येण्यापूर्वी सूक्ष्मजीवतज्ज्ञांना एकदा फोन करावा.