बापाचे काम आणि मुलाची नजर

भूसंपादनाच्या निवाड्यात जमिनीचे क्षेत्र लिहिले जाते, झाडे मोजली जातात, विहिरीचे आणि घराचे मूल्य ठरविले जाते. त्या जमिनीवर बाप मुलाला काय शिकवीत होता, याची नोंद करण्यासाठी मात्र तेथे रकाना नसतो. पनवेल परिसराने गेल्या अर्धशतकात जे मिळविले त्याचा हिशेब पुष्कळांनी मांडला आहे. जे गमावले त्यातील एक मोठी रक्कम या नसलेल्या रकान्यात पडून आहे.

सिडकोची स्थापना मार्च 1970 मध्ये झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. या जमिनींत भातशेती होती, खाडीकाठची खारभूमी होती, मिठागरे होती. खारभूमीत पीक काढण्याची विद्या पुस्तकातून येत नाही. बांध कोठे खचतो, उधाणाचे पाणी कोणत्या तिथीला किती चढते, उघाडीची दारे केव्हा पाहावी लागतात, हे सारे मुलगा बापाच्या मागून बांधावर चालता चालता शिकत असे. बाप मुलाशी फारसे बोलत नसे, त्याला जवळ घेत नसे. परंतु दोघांच्या मध्ये एक काम होते. त्या कामातून मुलाला बापाची योग्यता कळे आणि बापालाही मुलगा केव्हा जाणता झाला ते उमगे.

हे चित्र रंगवून सांगण्याचे कारण नाही. या नात्यात धाक होता, मारही होता. शिकण्याची इच्छा असलेल्या कित्येक मुलांना लावणीच्या दिवसांत शाळा सोडून चिखलात उतरावे लागले. बापाचा धंदाच मुलाने करावा ही सक्ती जातीच्या बंधनाचेच एक रूप होती. ती सैल झाली, याचा आनंदच मानला पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की, जुने बंधन गेल्यावर त्या जागी दुसरे काय आले?

16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी आंदोलनात, उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचे प्राण घेतले. त्यांत पागोटे गावचे महादेव हिरा पाटील आणि केशव महादेव पाटील हे पितापुत्र होते. जमिनीसाठी बाप आणि मुलगा एकाच रांगेत उभे होते, ही गोष्ट त्या आंदोलनाच्या इतिहासात विसरता येण्यासारखी नाही. याच संघर्षातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले आणि 1990 व 1994 च्या शासकीय निर्णयांनी त्याला योजनेचे रूप मिळाले.

एकराचे 40 गुंठे धरले तर साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे, आणि सार्वजनिक सोयींसाठीची कपात त्यातूनच. तरीही बाजारभावाने पाहिल्यास या भूखंडाचे मोल जुन्या एकराच्या कितीतरी पट झाले. अर्थशास्त्राच्या भाषेत हा लाभच होय. परंतु श्रमाचे उत्पन्न आणि मालमत्तेचे उत्पन्न यांत एक भेद आहे. श्रमाचे उत्पन्न मिळविताना माणूस काही शिकतो आणि शिकवितो. भूखंडाचा भाव वाढण्यासाठी नुसते थांबावे लागते. बापाजवळ शिकविण्यासारखे काही उरले नाही आणि मुलाला थांबण्याची सवय लागली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हिस्सा असतो, 2005 च्या दुरुस्तीने तो मुलीलाही मिळाला. हक्क म्हणून हे योग्यच आहे. पण जेथे दुसरा कोणताच व्यवहार उरत नाही तेथे बाप आणि मुलगा केवळ सहहिस्सेदार होतात आणि करारनाम्यावर सही करण्यापुरते समोरासमोर बसतात.

हा केवळ भूमिपुत्रांचा प्रश्न आहे, असे नवीन पनवेल, कामोठे वा खारघर येथील नोकरदाराने समजू नये. हार्बर मार्गाची उपनगरी गाडी 1998 मध्ये पनवेलपर्यंत आली. येथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे 50 किलोमीटर. जाऊन-येऊन अडीच तासांहून अधिक काळ गाडीतच जातो. घर ते स्थानक आणि स्थानक ते कचेरी हे अंतर निराळेच. मुलगा शाळेला निघण्यापूर्वी बाप गेलेला असतो आणि तो परततो तेव्हा जेवणाची वेळ टळत आलेली असते. या मुलाला बापाचा थकवा दिसतो, काम दिसत नाही. कचेरीत कोणत्या कागदावर त्याची सही लागते, कोणता प्रश्न त्याच्यावाचून अडतो, याची मुलाला कल्पना नसते. उरतात दोनच विषय: बापाकडून गुणांची चौकशी आणि मुलाकडून पैशांची मागणी.

शेती गेलेला बाप आणि गाडीने जाणारा बाप यांची दुखणी वरवर वेगळी, मुळात एकच. मुलाला बापाचे काम दिसेनासे झाले आहे. वयात येणाऱ्या मुलाचा आदर उपदेशाने मिळत नाही; तो काम पाहून मिळतो.

यावर उपाय आहेत आणि ते खर्चिक नाहीत. सोळा वर्षांच्या मुलाला घराचा जमाखर्च लिहावयास द्यावा. पगार किती, कर्जाचा हप्ता किती, आजीच्या औषधाला काय लागते, हे त्याच्यापासून लपविण्यात बापाची प्रतिष्ठा नाही. भूखंडाचा व्यवहार असेल तर मुलाला आणि मुलीला सहीच्या दिवशी बोलावू नये. पहिल्या बोलण्यापासून जवळ बसवावे, कागद वाचावयास लावावेत. पनवेलभोवतीच्या गावांत ‘नैना’ क्षेत्राच्या नियोजनाचे काम 2013 पासून सिडकोकडे आहे. तेव्हा असे कागद यापुढेही अनेक घरांत येणार आहेत.

यावर एक आक्षेप येईल. जमीन गेल्यावर कोणी कंत्राटी मजूर झाला, कोणी पहारेकरी. असे काम मुलाला दाखविण्याचा संकोच वाटतो. हा संकोच समजण्यासारखा आहे. मुलाने आपल्यासारखे होऊ नये म्हणूनच बाप तो बाळगतो. परंतु घरातले दारिद्र्य मुलांना सांगावे लागत नाही. ते त्यांना ठाऊकच असते. बाप जे लपवितो त्याची मुलाला लाज वाटू लागते, आणि जे मोकळेपणाने सांगतो त्यातील कष्ट मुलाला दिसतात.

शासनाकडून भरपाई मागण्याचा हक्क कोणी सोडू नये. मात्र ही एक तूट अशी आहे की ती भरून देणे कोणत्याही निवाड्याला शक्य नाही. ती बापानेच भरावयाची आहे, आणि मुलगा ऐकण्याच्या वयात आहे तोवरच.