गणवेश उतरल्यानंतर

नागपूरच्या ऐन मध्यवस्तीत सीताबर्डीचा किल्ला उभा आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी निर्णायक लढाई झाली, ती याच टेकड्यांवर. आज हा किल्ला प्रादेशिक सेनेच्या ताब्यात आहे आणि प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्यदिन अशा मोजक्या दिवशीच तो नागरिकांसाठी खुला होतो. त्या दिवशी आईबापांचा हात धरून मुले किल्ला चढतात, जवानांकडे कौतुकाने पाहतात, तोफांशेजारी उभी राहून छायाचित्रे काढतात. संध्याकाळी दरवाजा बंद होतो. नागरी समाज आणि सैनिक यांचे आपल्याकडील नातेही बरेचसे या किल्ल्यासारखेच झाले आहे. वर्षातून दोन-तीन दिवस उघडणारे आणि एरवी आदरपूर्वक बंद असणारे.

वास्तविक सैनिक केवळ किल्ल्यात, छावणीत किंवा सीमेवर असतो असे नाही. तो शेजारच्या घरातही असतो. मात्र त्याच्या नावामागे 'माजी' हा शब्द लागलेला असतो आणि त्या एका शब्दाने समाज त्याला जणू कार्यमुक्त करून टाकतो. नागपूरच्या दक्षिणेला पसरत चाललेल्या बेसासारख्या वस्तीत हा प्रश्न अधिक ठळकपणे जाणवतो. काल-परवापर्यंत शेतीवाडीचे गाव असलेले बेसा आज सदनिकांच्या संकुलांनी भरून गेले आहे. मानेवाडा, मनीषनगरच्या पलीकडे शहर जसजसे सरकले, तसतशी विदर्भाच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली कुटुंबे इथे स्थिरावली. बेसा-पिपळा मिळून नगरपंचायतही झाली. इमारती उभ्या राहिल्या, रस्ते आले. परंतु शेजार अजून उभा राहायचा आहे. जिथे कोणी कोणाचे मूळ गाव जाणत नाही, जिथे पारावरच्या वडीलधाऱ्यांचा धाक नाही आणि तालमीतल्या वस्तादाचा आधारही नाही, तिथल्या तरुणाने मोठे व्हायचे कोणाकडे पाहून?

अशा वस्त्यांमधून माजी सैनिक एकत्र येतात, आपला लहानसा गट बांधतात आणि समाजकार्याला हात घालतात, ही गोष्ट म्हणूनच दखल घेण्याजोगी आहे. या गटांची कामे वरवर पाहता साधी असतात. राष्ट्रीय सणांना ध्वजवंदन, रक्तदान, वृक्षारोपण, एखाद्या वीरपत्नीच्या निवृत्तिवेतनाची अडलेली कागदपत्रे मार्गी लावणे, वृद्ध सहकाऱ्याचा दरवर्षीचा हयातीचा दाखला संगणकावर भरून देणे, आरोग्य योजनेचे कार्ड काढून देणे. निवृत्तिवेतनाचा कारभार 'स्पर्श' या संगणकीय प्रणालीवर गेल्यापासून खेड्यातल्या वयस्क जवानाला आणि त्याच्यामागे राहिलेल्या पत्नीला या मदतीचे मोल किती आहे, हे त्यांनाच ठाऊक. पण या सर्व कामांहून अधिक महत्त्वाचे आणखी एक काम आहे. ते म्हणजे वस्तीतल्या मुलामुलींना पहाटे मैदानावर बोलावणे.

नागपूरला हे काम परके नाही. लष्करी शिक्षणाचा विचार महाराष्ट्रात ज्यांनी रुजवला, ते डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे याच नगरीचे. व्यवसायाने नेत्रवैद्य असलेल्या या पुरुषाने बोअर युद्धात वैद्यकीय पथकात काम करताना रणांगण जवळून पाहिले होते. सैनिकी शिक्षणापासून वंचित ठेवलेला समाज स्वातंत्र्य मिळवू शकत नाही आणि मिळाले तरी टिकवू शकत नाही, हे ओळखून त्यांनी १९३५ मध्ये नाशिकला शिक्षणसंस्था स्थापन केली आणि १९३७ मध्ये भोसला सैनिकी विद्यालय सुरू केले. पुढे नागपुरातही त्याची शाखा निघाली. नव्वदच्या दशकापासून कर्नल सुनील देशपांडे यांनी उभ्या केलेल्या 'प्रहार'ने हीच परंपरा निराळ्या वाटेने पुढे नेली. सैन्यातून बाहेर पडलेला एक अधिकारी शहरी मध्यमवर्गातील मुलामुलींना डोंगरावर नेतो, दोरावर चढवतो, कष्टाची सवय लावतो आणि देशासाठी जगणे म्हणजे काय हे भाषणाने नव्हे, तर घामाने शिकवतो, हे नागपूरकरांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. रविनगरातील प्रहारची सैनिकी शाळा हे त्याच प्रयत्नाचे फलित.

कामठीची छावणी, गार्ड्स रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र, तिथलीच राष्ट्रीय छात्र सेनेच्या अधिकाऱ्यांची प्रबोधिनी, वायुसेनानगरातील वायुदलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय, पुलगावचे दारूगोळा भांडार, अंबाझरीचा आयुध कारखाना! नागपूरच्या परिसरात लष्कराशी नाते सांगणाऱ्या एवढ्या संस्था असताना सैन्यात अधिकारी होण्याचे स्वप्न पाहणारी वैदर्भीय मुले मात्र विरळाच दिसतात. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवण्यांसाठी लाखो रुपये मोजणाऱ्या घरांमध्ये राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे नाव क्वचितच उच्चारले जाते. अडचण बुद्धीची नाही. ती वाट दाखवणाऱ्याची आहे. हे ओळखूनच महाराष्ट्र शासनाने १९७७ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था काढली. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्याला निघाली; विदर्भाला मात्र चंद्रपूरच्या सैनिक शाळेसाठी २०१९ पर्यंत वाट पाहावी लागली. २०२२ पासून खडकवासल्याचे दरवाजे मुलींनाही उघडले आणि २०२५ च्या मे महिन्यात सतरा छात्रांगना तिथून दीक्षान्त संचलन करीत बाहेर पडल्या. हे सारे बेसातल्या नववीतल्या मुलीला कोणी सांगायचे? शाळेच्या फलकावरील सूचना हे काम करू शकत नाही. शेजारच्या इमारतीत राहणारे, वीस-बावीस वर्षे सेवा केलेले सुभेदार काका ते करू शकतात.

जवान म्हणून भरती होऊ इच्छिणाऱ्या मुलांची गोष्ट आणखी वेगळी आहे. पूर्वी सोळाशे मीटर धावण्याची शर्यत जिंकली की अर्धी लढाई जिंकली, असे मानले जाई. २०२३ पासून क्रम बदलला. आता आधी संगणकावरील लेखी परीक्षा आणि ती उत्तीर्ण झालेल्यांनाच मैदान. ज्या मुलाने केवळ पायांवर भिस्त ठेवली, तो मैदानापर्यंत पोहोचतच नाही. या बदलाची माहिती नसलेल्या मुलांना हेरून 'हमखास भरती'च्या जाहिराती करणारे दुकानदार गावोगावी बसले आहेत. शेत गहाण टाकून अशा ठिकाणी पैसे भरलेली कुटुंबे शोधायला फार लांब जावे लागत नाही. माजी सैनिकांच्या गटाने सकाळी तासभर मैदान आणि संध्याकाळी तासभर अभ्यास, तोही विनामूल्य, एवढे जरी चालवले, तरी या बाजाराला परस्पर उत्तर मिळेल.

तथापि केवळ कौतुकाने हा विषय संपत नाही. माजी सैनिकांच्या संघटनांनीही स्वतःकडे थोडे परखडपणे पाहिले पाहिजे. कित्येक ठिकाणी वर्षाचे तीन कार्यक्रम, तीन हार आणि वर्तमानपत्रातील तीन छायाचित्रे एवढ्यावरच सेवेची इतिश्री होते. अधिकारी आणि जवान यांच्या वेगळ्या बैठका, पदांची चढाओढ, एकाच तालुक्यात दोन-तीन संघटना, हे चित्रही अपरिचित नाही. पलटणीत ज्यांनी एका ताटात जेवून एकमेकांसाठी जीव धोक्यात घातला, त्यांनी वस्तीत परतल्यावर अध्यक्षपदासाठी दुरावा धरावा, हे त्यांच्या परंपरेला शोभणारे नाही.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. सैन्याची शिस्त आणि समाजाची शिस्त यांत अंतर आहे. सैन्यात हुकूम पुरतो. समाजात विश्वास लागतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण राळेगणसिद्धीचे. १९७५ मध्ये सैन्यातून परतलेले अण्णा हजारे हे एक साधे वाहनचालक जवान. त्यांनी गावात आल्यावर पहिले काम केले, ते पदरच्या पैशाने यादवबाबांचे मोडकळीस आलेले मंदिर दुरुस्त करण्याचे. ना भाषण, ना योजना. लोकांनी निःस्वार्थपणा पाहिला आणि मग श्रमदान, पाणलोट, दारूबंदी, धान्यकोठी ही कामे त्याच मंदिराच्या ओट्यावरून उभी राहिली. परंतु त्याच राळेगणात दारुड्यांना खांबाला बांधून फटके देण्याचाही प्रकार झाला आणि त्यावर टीका झाली, ती अनाठायी नव्हती. हातातील छडीने जे साधले त्याहून कितीतरी अधिक दुरुस्त केलेल्या मंदिराने साधले, हाच राळेगणचा धडा आहे. बेसाच्या मैदानावर शिटी वाजवणाऱ्या माजी सैनिकाने तो ध्यानात ठेवावा. मुलांना कडक शिस्त चालते. अपमान चालत नाही.

या विषयाला आज नवी निकड आली आहे ती अग्निवीरांमुळे. अग्निपथ योजना २०२२ च्या जूनमध्ये जाहीर झाली. तिच्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात. योजनेच्या मूळ रचनेप्रमाणे त्यांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंतच जवान सैन्यात कायम होतात. उरलेले सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेऊन बाविशी-पंचविशीत घरी परततात. आजवर माजी सैनिक म्हटले की चाळिशीकडे झुकलेला, निवृत्तिवेतन असलेला, संसारी माणूस डोळ्यांपुढे येई. आता येणारा 'माजी' तरुण आहे, त्याला निवृत्तिवेतन नाही, आणि त्याच्यापुढे पस्तीस वर्षांचे कार्यक्षम आयुष्य आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत दहा टक्के जागा राखण्याची घोषणा योजनेबरोबरच झाली. अशा घोषणांची अंमलबजावणी किती काटेकोर होते, यावर बरेच अवलंबून आहे. केंद्राच्या नोकऱ्यांत 'क' गटात दहा आणि 'ड' गटात वीस टक्के जागा माजी सैनिकांसाठी पूर्वीपासून राखीव आहेत. त्या पुरत्या भरल्या जात नाहीत, ही तक्रार जुनी आहे.

शासनाने आपले कर्तव्य केलेच पाहिजे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत, माजी सैनिक महामंडळ आहे. त्यांनी या तरुणांची नोंद ते परतण्यापूर्वीच करावयास हवी. पण कार्यालय नोकरीचा पत्ता देऊ शकते, आपलेपणा देऊ शकत नाही. पंचविशीतला एक शिस्तबद्ध, शस्त्र हाताळलेला, संघभावनेत वाढलेला तरुण परतल्यावर पहिले सहा महिने कोणाबरोबर बसतो, यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते. त्या काळात वस्तीतल्या ज्येष्ठ सैनिकांनी त्याला हाताशी धरले, मैदानावरची मुले त्याच्या हवाली केली, तर समाजाला एक प्रशिक्षक मिळतो. त्याला कोणी विचारलेच नाही, तर एखाद्या इमारतीच्या दारावर खुर्ची टाकून बसणारा आणखी एक पहारेकरी तेवढा मिळतो. पहारेकऱ्याचे काम हलके नाही. पण ज्याला देशाने चार वर्षे घडवले, त्याच्याकडून वाहनतळाची नोंदवही भरून घेण्यापलीकडे समाजाला काहीच सुचत नसेल, तर तो दोष त्या तरुणाचा नव्हे.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. पहिल्या महायुद्धात या गावाचे सेहेचाळीस जवान कामी आले. त्यांचे स्मारक आजही गावात आहे आणि गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. तिथल्या मुलाला सैन्याची ओळख करून द्यावी लागत नाही. ती त्याला आजोबांच्या मांडीवरच होते. बेसाला अशी परंपरा नाही, असू शकत नाही. कालच वसलेल्या वस्तीला स्मारके नसतात. पण परंपरा कोठेतरी, कोणीतरी सुरू करावीच लागते.

त्यासाठी फार मोठे साहित्य लागत नाही. एक मोकळे मैदान, दोन-चार निवृत्त जवान आणि शाळांनी दिलेली थोडी मोकळीक एवढे पुरे आहे. संकुलांच्या सोसायट्यांनी आपल्या आवारातील माजी सैनिकांची यादी तरी करावी. कित्येक ठिकाणी शेजाऱ्यांनाच हे ठाऊक नसते. शाळांनी त्यांना केवळ पंधरा ऑगस्टला नव्हे, तर दर पंधरवड्याला बोलवावे. बांधकाम व्यावसायिकांच्या आणि नगरपंचायतीच्या नकाशावर मैदानासाठी राखलेला तुकडा मैदानच राहील, यासाठी पालकांनी आग्रह धरावा. आणि आईवडिलांनी आपल्या मुलाला पहाटे पाच वाजता उठवण्याचा निश्चय करावा. यातील शेवटचे काम सर्वांत कठीण आहे.

७ डिसेंबरला दरवर्षी सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. निधी गोळा होतो, छातीवर कागदी झेंडा लागतो, कर्तव्य पार पडल्याचे समाधान मिळते. तो निधी अवश्य द्यावा. पण ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे देशाला दिली, त्याला समाजाकडून पैशापेक्षा कामाची अपेक्षा असते. त्याला वाटत असते की, अजून आपला उपयोग आहे. गणवेश उतरवून त्याने घडी घालून ठेवलेला असतो. अंगात मुरलेली सवय मात्र उतरत नाही. त्या सवयीचा लाभ शेजारच्या मुलांना मिळणार की नाही, हा प्रश्न त्याने नव्हे, त्याच्या शेजाऱ्यांनी सोडवायचा आहे.